गंधाराची जागा : मिरजेची घोडी, साताऱ्याची श्रुतिपेटी आणि बेस गिटारचा पिकअप

(व्याख्यानाचं शब्दांकन. प्रात्यक्षिकांच्या जागी चौकटी कंसात टीप दिली आहे.)

व्यासपीठावर आज दोन वाद्यं दिसताहेत, आणि ती शेजारी शेजारी ठेवलेली पाहून काही मंडळींच्या कपाळावर आठी आलेली मला दिसली. डावीकडे मिरजेचा तंबोरा आहे. उजवीकडे चार तारांची इलेक्ट्रिक बेस गिटार आहे. एक भोपळ्याची, दुसरी भरीव लाकडाच्या फळीची. एक मैफलीत मागे बसते, दुसरी बँडमध्ये मागे उभी राहते. एवढं साम्य सोडलं तर यांचा एकमेकांशी संबंध काय?

संबंध आहे, आणि तो तारेवरच्या जागेचा आहे. तार तीच असते, पण तिचा आवाज आपण कुठून उचलतो, तिला कुठे छेडतो आणि ती टेकते कुठे, यावर काय ऐकू येणार ते ठरतं. हा प्रश्न गेल्या पावणेदोनशे वर्षांत आपल्या सांगली-सातारा भागात दोन वेगवेगळ्या माणसांनी हाताळला. एकाने कानस घेऊन, दुसऱ्याने मोजपट्टी घेऊन. त्यांचीच गोष्ट आज सांगायची आहे. पण सुरुवात उजवीकडच्या वाद्यापासून करतो, कारण त्यात गणित उघडं दिसतं.

पिकअप काय ऐकतो?

पिकअप म्हणजे लोहचुंबक आणि त्याभोवती गुंडाळलेली, केसासारख्या बारीक तांब्याच्या तारेची हजारो वेढ्यांची गुंडी. वर पोलादी तार हलली की चुंबकीय क्षेत्र हलतं, गुंडीत बारीकसा विद्युतप्रवाह निर्माण होतो, तो अ‍ॅम्प्लिफायरमध्ये जातो. पिकअप हवेतला आवाज ऐकत नाही. त्याच्या डोक्यावरून जाणारा तारेचा तेवढाच तुकडा कसा हलतोय, एवढंच त्याला कळतं. बाकीची तार त्याच्या लेखी नाहीच.

आता तार हलते कशी? ती अख्खी एक झोका घेते, तो मूळ षड्ज. त्याच वेळी ती दोन भागांत हलते, तो वरचा षड्ज. तीन भागांत हलते, तो पंचम. चार भागांत, आणखी वरचा षड्ज. आणि पाच भागांत हलते, तेव्हा निघतो गंधार. तंबोरा नीट लागला की खर्जातून जो गंधार आपोआप बोलू लागतो, ज्याला आपण स्वयंभू गंधार म्हणतो, तो हाच. कुणी तो वाजवत नाही. तो तारेतच असतो.

तार पाच भागांत हलते तेव्हा त्या भागांच्या सांध्यांवर ती स्थिर असते. पाच भागांचे चार सांधे. त्या सांध्याच्या नेमक्या खाली पिकअप ठेवला तर काय होईल? पिकअपला गंधार ऐकूच येणार नाही. तार गंधार बोलते आहे, पण ऐकणारा अशा जागी बसलाय जिथे तो पोचत नाही.

या बेसची मोकळी तार ३४ इंच, म्हणजे साधारण ८६.४ सेंटिमीटर आहे. तिचा पाचवा हिस्सा १७.३ सेंटिमीटर. मी या बेसवर एक पिकअप पट्टीवर सरकता बसवून घेतला आहे. आधी तो घोडीपासून दहा सेंटिमीटरवर ठेवतो. आता १७.३ वर आणतो. तीच तार, तेच बोट, छेडायची जागाही तीच.

[प्रात्यक्षिक : मोकळी तार, पिकअपच्या दोन जागा.]

दुसऱ्या वेळी आवाज जाड झाला, हे सगळ्यांना कळलं. पण त्यातून एक विशिष्ट गोष्ट गेली, आणि ती म्हणजे गंधार. आता गंमत पाहा. पिकअप तिथेच ठेवतो आणि सातव्या परद्यावर बोट दाबतो. तारेची हलणारी लांबी ५७.६ सेंटिमीटर झाली. तिच्यातल्या तिच्यात १७.३ ही जागा तीनदशांश लांबीवर येते. तिथे पाच भागांतलं हलणं सगळ्यात जोरात असतं. म्हणजे त्या स्वराचा गंधार परत आला! बाराव्या परद्यावर गेलो तर लांबी निम्मी होते, पिकअप दोन-पंचमांशावर येतो, तोही सांधाच. गंधार पुन्हा गायब.

पिकअपची अमुक एक जागा "सर्वोत्तम" असं जे म्हटलं जातं, त्याची मर्यादा इथे कळते. परदे असलेल्या वाद्यात प्रत्येक स्वराला तारेची लांबी बदलते, पिकअप मात्र जागचा हलत नाही. एका स्वराला जे मिळालं ते दुसऱ्याला हरवतं. घोडीजवळ पिकअप नेला तर वरचे उपस्वर तुलनेने जास्त येतात, आवाज टोकदार आणि सडपातळ होतो. दांडीकडे नेला तर मूळ स्वर भरतो, आवाज गोल होतो. यात चूक-बरोबर काही नाही, फक्त निवड आहे.

रेडिओ दुरुस्त करणारा माणूस

हे वाद्य घडवणारे लिओ फेंडर कॅलिफोर्नियातल्या फुलर्टन गावात रेडिओ दुरुस्तीचं दुकान चालवत. त्यांना स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती. १९५१ मध्ये त्यांनी प्रिसिजन बेस बाजारात आणली. तोवर खर्जासाठी माणसाच्या उंचीचा डबल बेस लागायचा, आणि त्याला परदे नसत. फेंडरने परदे घातले, स्वर अचूक लागू लागला, म्हणून नाव "प्रिसिजन".

१९५७ मध्ये तिचा पिकअप दोन तुकड्यांत विभागला गेला. दोन गुंड्यांचे वेढे आणि चुंबक एकमेकांच्या उलट, त्यामुळे विजेच्या तारांची भुणभुण एकमेकींना खोडते आणि स्वर तेवढा राहतो. १९६० मध्ये जाझ बेस आली, तिला दोन पिकअप. दोन्ही पूर्ण उघडले की काही उपस्वर एका पिकअपखाली वर जात असतात तेव्हा दुसऱ्याखाली खाली येत असतात, आणि बेरीज-वजाबाकी होऊन तिसराच आवाज निघतो. १९७० च्या दशकात याच जाझ बेसचा मागचा पिकअप घोडीकडे साधारण एक सेंटिमीटर सरकवला गेला. एक सेंटिमीटर! पण आजही जाणकार वादक डोळे मिटून "ही साठच्या दशकातली, ही सत्तरच्या" असं सांगू पाहतात. त्याच दशकात गिब्सन कंपनीने ग्रॅबर नावाचा बेस काढला, त्यात पिकअप वादकाला हवा तिथे सरकवता येत असे. माझी ही पट्टी म्हणजे त्याचीच गावठी आवृत्ती समजा.

वादकांनी केलेले फेरफारही तितकेच बोलके आहेत. गुंडीवर जास्त वेढे घातले तर आवाज मोठा होतो पण वरचा चमकदार भाग दबतो. पिकअप तारेच्या फार जवळ आणला तर चुंबकच तारेला ओढतो, आणि स्वर हलतो. आणि सगळ्यात धाडसी फेरफार जॅको पास्टोरियसच्या नावाशी जोडलेला आहे. त्याच्या जाझ बेसवर परदेच नव्हते. खाचा बुजवलेल्या, वर नावांना लावतात तसल्या इपॉक्सीचा थर, आणि वाजवताना घोडीकडच्या पिकअपवर भर. फेंडरने अचूकतेसाठी जे परदे घातले, ते या माणसाला अडचण वाटले. का? कारण त्याला दोन परद्यांच्या मधली जागा हवी होती. हा मुद्दा लक्षात ठेवा, साताऱ्यात आपल्याला तो पुन्हा भेटणार आहे.

तलवारीची धार आणि जवारीची कमान

आता डावीकडे येऊ. मिरजेचा तंतुवाद्यांचा व्यवसाय एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला सुरू झाला, आणि त्याच्या आरंभाशी नाव घेतलं जातं ते फरीदसाहेबांचं. ते शिकलगार. शिकलगार म्हणजे शस्त्रांना धार आणि पाणी देणारे. १८१८ ला पेशवाई संपली, फौजा मोडल्या, शस्त्रांची मागणी आटली. हातात कसब होतं, गिऱ्हाईक नव्हतं. मिरज हे पटवर्धनांचं संस्थान, दरबारात गाणं-बजावणं होतं, वाद्यं नादुरुस्त होत होती. त्या दुरुस्तीतून हे हात सतार-तंबोऱ्याकडे वळले, आणि शिकलगारांचे सतारमेकर झाले.

हा काळ मागणी वाढण्याचाही होता. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर मिरजेत राहिले, त्यांच्यापाशी विष्णु दिगंबर पलुसकर शिकले. पुढे पलुसकरांनी १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं आणि गाण्याच्या शाळा ठिकठिकाणी उभ्या राहू लागल्या. शाळा म्हटली की तंबोरे आले. आणि मिरजेत स्थायिक झाले अब्दुल करीम खाँ. खाँसाहेब गवई म्हणून थोर होतेच, पण वाद्यांची दुरुस्ती स्वतःच्या हाताने करण्याबद्दलही त्यांची ख्याती होती. तंबोरा कसा बोलला पाहिजे हे त्यांना कारागिराच्या भाषेत सांगता येत असे. ज्या गावात असा गवई आणि असा कारागीर हाकेच्या अंतरावर राहतात, तिथे वाद्य सुधारणारच.

तंबोऱ्याची रचना थोडक्यात सांगतो. पंढरपूर-मंगळवेढ्याच्या भागातून येणारा कडू भोपळा, वर लाकडाची तबली, लांब दांडी, चार तारा. तबलीवर घोडी. बेसची घोडी ही धारेसारखी असते, तार एका नेमक्या बिंदूवर संपते. तंबोऱ्याची घोडी तशी नाही. ती रुंद आहे आणि तिच्या पाठीला अगदी हलकी कमान आहे. तार तिच्यावर टेकते ती बिंदूवर नव्हे, उतारावर टेकते. तार खाली आली की कमानीला जास्त चिकटते, वर गेली की सुटते. प्रत्येक झोक्याला तारेची लांबी किंचित कमी-जास्त होते. ही कमान घासून नेमकी करणं म्हणजे जवारी काढणं.

माझा एक तर्क सांगतो, तर्क म्हणूनच घ्या. पात्याची धार आणि जवारीची कमान ही एकाच जातीची कामं आहेत. दोन्हींत काही जोडायचं नसतं, फक्त काढायचं असतं, आणि एकदा जास्त निघालं की परत लावता येत नाही. शिकलगारांचा हात या कामाला इतका पटकन बसला, याचं मला तरी नवल वाटत नाही.

आणि मग दोरा. कमानीवर तारेखाली साध्या सुताचा एक तुकडा सरकवतात. तो पुढे-मागे करत एका जागी आणतात, आणि अचानक तार "उघडते".

[प्रात्यक्षिक : खर्जाची तार, आधी दोऱ्याशिवाय, मग दोरा जागेवर.]

ऐकलंत? आधी नुसता षड्ज होता. दोरा जागेवर आला आणि वर एकापाठोपाठ एक उपस्वर उमलत गेले, पंचम, षड्ज, गंधार. दोरा केसभर पुढे गेला तर आवाज चिरका होतो, केसभर मागे गेला तर मुका.

आता बेसशी तुलना करा. बेसमध्ये परद्यागणिक लांबी बदलते म्हणून पिकअपची एकच जागा सगळ्यांना न्याय देत नाही. तंबोऱ्याला परदेच नाहीत. चारही तारा कायम मोकळ्या. म्हणजे दोऱ्याची जागा एकदा सापडली की ती मैफलभर खरी राहते. आपण तंबोऱ्याला "साथीचं वाद्य, त्यात वाजवायचं काय" म्हणतो. पण त्याने फक्त मोकळी तार वाजवणं पत्करलं, म्हणूनच त्याला जागेची इतकी नेमकी साधना करता आली.

सांगलीचे डेप्युटी कलेक्टर आणि साताऱ्याची सोसायटी

मिरजेत हे काम हातांनी चाललं असताना, सहा मैलांवर सांगलीत एक गृहस्थ तेच तार मोजून शोधत होते. कृष्णाजी बल्लाळ देवल, निवृत्त डेप्युटी कलेक्टर. महसुलात आयुष्य गेलेलं, त्यामुळे मोजणीवर विश्वास. त्यांचा प्रश्न होता : आपल्या ग्रंथांत बावीस श्रुती सांगितल्या आहेत, त्या तारेवर नेमक्या कुठे आहेत?

तारेच्या लांबीवरून स्वर सांगण्याची पद्धत आपल्याकडे जुनी. सतराव्या शतकातल्या अहोबलाच्या संगीतपारिजातात ती आहे. ३६ इंचांची तार घ्या. निम्म्यावर, १८ इंचांवर तार षड्ज. २४ वर पंचम. २७ वर मध्यम. इथवर वाद नाही. वाद सुरू होतो गंधारावर. तारेतून आपसूक निघणाऱ्या गंधाराशी जुळणारा गंधार हवा असेल तर ३६ चे चार-पंचमांश, म्हणजे २८.८ इंच. षड्ज २४० आंदोलनांचा धरला तर हा गंधार बरोबर ३०० चा. पण विलायती पेटीवर सप्तकाचे बारा सारखे तुकडे पाडलेले असतात, तिचा गंधार येतो ३०२.४ वर. फरक अडीच आंदोलनांहून कमी. पण तंबोऱ्याच्या गंधारावर पेटीचा गंधार ठेवून पाहा, सेकंदाला दोन-अडीच हेलकावे ऐकू येतात. कानाला तो खडा लागतोच.

देवलांनी हे मोजमाप अब्दुल करीम खाँसाहेबांच्या गळ्याच्या मदतीने तपासलं. १९१० मध्ये त्यांचं हिंदू स्वरसप्तक आणि बावीस श्रुतींवरचं इंग्रजी पुस्तक प्रसिद्ध झालं. त्यांना साथीदार मिळाले अर्नेस्ट क्लेमंट्स, आय.सी.एस. अधिकारी, न्यायखात्यातले आणि संगीताचे दर्दी. १९११ मध्ये साताऱ्यात या दोघांच्या पुढाकाराने फिलहार्मॉनिक सोसायटी ऑफ वेस्टर्न इंडिया स्थापन झाली. क्लेमंट्स यांचं भारतीय संगीतावरचं पुस्तक १९१३ चं. आणि या खटाटोपातून निघाली श्रुतिपेटी. लंडनच्या मूर अँड मूर कंपनीने बनवलेली, सप्तकात बाराऐवजी बावीस श्रुती वाजतील अशी हार्मोनियम.

कल्पना करा. साताऱ्यासारख्या गावी एक निवृत्त मराठी अधिकारी आणि एक इंग्रज न्यायाधीश मिळून ठरवतात की वाद्य चुकीचं आहे तर वाद्यच बदलू. आजचा पोरगा बेसचं झाकण उघडून पिकअप बदलतो, त्याच्या मागेही हाच विचार असतो. मला या दोघांबद्दल मनापासून आदर आहे.

पण पेटी टिकली नाही. मार्च १९१६ मध्ये बडोद्याला सयाजीराव गायकवाडांच्या आश्रयाखाली पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली. भातखंडे तिचे प्रमुख सूत्रधार होते. तिथे श्रुतिपेटी मांडली गेली, आणि मोठ्या गवयांनी ती मान्य केली नाही. त्यांच्या गळ्यातली श्रुती पेटीच्या श्रुतीवर बसेना. एका रागातला कोमल ऋषभ दुसऱ्या रागात तसाच राहत नाही, आणि एकाच रागात चढताना आणि उतरताना तो जागा बदलतो. पेटीवर जागा बारा होत्या त्या बावीस केल्या. पण जागा ठोकूनच ठेवलेल्या राहिल्या.

इथे जॅको पास्टोरियस आठवा. परद्यांमधली जागा हवी, तर आणखी परदे घालायचे की परदे काढून टाकायचे? देवल-क्लेमंट्स यांनी पहिला मार्ग धरला. गवयाचा गळा, आणि साठ वर्षांनंतरचा तो परदे नसलेला बेस, यांचा मार्ग दुसरा. एक मात्र न्यायाने म्हटलं पाहिजे. पेटी हरली, तरी देवलांचा मूळ प्रश्न हरला नाही. पेटीचा गंधार आपल्या गंधाराशी जुळत नाही, हे त्यांनी आकड्यांत मांडलं. पुढे १९४० मध्ये आकाशवाणीने हार्मोनियमवर बंदी घातली, ती १९७१ पर्यंत चालली. त्या वादात जे मुद्दे निघाले, त्यांतले कितीतरी सांगली-साताऱ्यात आधीच मोजून झाले होते.

रामन यांची नोंद

आता कारागिराची बाजू. ब्रिटिश शास्त्रज्ञ थॉमस यंग यांनी १८०० मध्ये एक नियम सांगितला होता : तार ज्या जागी छेडाल, त्या जागी ज्या उपस्वराचा सांधा असेल तो उपस्वर निघणार नाही. तार बरोबर मधोमध छेडली तर दोन भागांत हलणारा वरचा षड्ज येऊ नये. पिकअपबद्दल मी मघाशी जे सांगितलं, ते याच नियमाचं भावंड आहे. बेस हा नियम इमानाने पाळतो.

१९२१ मध्ये कलकत्त्यात चंद्रशेखर वेंकट रामन यांनी वीणा आणि तंबोऱ्यावर एक छोटासा निबंध लिहिला. त्यांना दिसलं की तंबोरा हा नियम मोडतो. तार मधोमध छेडा, नियमाने जो उपस्वर येऊ नये तो येतो, आणि चांगला जोरात येतो. कारण घोडीत होतं. तार कमानीला घासत, चिकटत, सुटत हलते, आणि त्या घर्षणात छेडताना न मिळालेले उपस्वर नव्याने जन्माला येतात.

म्हणजे बघा. बेसमध्ये जागेने जे नाकारलं ते गेलं. तंबोऱ्यात जागेने नाकारलेलं घोडी परत मिळवून देते. विलायतेतल्या पाठ्यपुस्तकातला नियम जिथे अपुरा पडतो, नेमक्या त्या ठिकाणी कारागिरांचे हात पिढ्यानपिढ्या काम करत होते. रामन यांना नोबेल मिळालं ते १९३० मध्ये, प्रकाशावरच्या कामासाठी. पण हा पाच पानांचा निबंध मला आपल्या भागाच्या दृष्टीने मोलाचा वाटतो. कारागिराला जे हाताने कळलेलं होतं, ते शास्त्राने खरं म्हणून नोंदवलं.

पुढे १९६७ मध्ये अमेरिकेत विन्सेंट बेल या गिटारवादकाच्या कल्पनेतून कोरल इलेक्ट्रिक सितार निघाली. दिसायला गिटार, पण घोडी सपाट, म्हणजे तार घासून झणझणावी अशी, आणि तरफेच्या तेरा तारांसाठी वेगळा पिकअप. त्यांनी जवारीचा परिणाम उचलला. पण ती सपाट पट्टी होती, हाताने घासलेली कमान नव्हे. झणझणाट आला, तो उमलत जाणारा गंधार आला नाही.

पितळेच्या तारेचा प्रश्न

मग उलट करून पाहू, तंबोऱ्यालाच पिकअप लावला तर? तरुण कारागिरांपुढे हा प्रश्न आज रोजचा आहे, कारण मोठ्या सभागृहात, परदेशी दौऱ्यात कलाकार तशी मागणी करतात. बेसचा चुंबकी पिकअप इथे फसतो, आणि कारण साधं आहे. जोडीच्या तारा पोलादी, पण खर्ज पितळेचा. पितळेला चुंबक ओळखत नाही. म्हणजे जोड ऐकू येईल आणि खर्ज जवळजवळ मुका राहील. आणि आपला स्वयंभू गंधार राहतो कुठे? खर्जात!

म्हणून इथे दाबाने वीज निर्माण करणाऱ्या स्फटिकाचा, पिझो जातीचा पिकअप वापरतात, तो लाकडाला चिकटवायचा. पुन्हा प्रश्न तोच, कुठे? घोडीच्या पायाशी चिकटवला तर जवारी स्पष्ट येते पण भोपळ्याची गोलाई कमी, आवाज काचेसारखा. तबलीवर दूर नेला तर गोलाई येते, पण सभागृहाचा घुमार आणि शिट्टीही येते. तबलीच्या ज्या जागेला लाकूड स्वतःच स्थिर असतं तिथे लावला तर तो स्वर हरवतो. ते गणित लाकडातही आहे, फक्त तारेसारखं सरळ नाही. अशा वेळी अनुभवी कारागीर बोटाने तबलीवर टकटक करत फिरतो आणि एका ठिकाणी थांबतो. ती जागा कुठल्याही पुस्तकात छापलेली नाही.

शेवटी, जमाखर्च

२०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. आनंदाची गोष्ट आहे. मिरजेबाहेर बनलेल्या वाद्यावर आता मिरजेचं नाव लावता येणार नाही. पण मानांकन नावाचं रक्षण करतं, हाताचं नाही. रियाजाला आता मोबाइलमधला तंबोरा पुरतो. तो बेसुरा होत नाही, त्याची जवारी उतरत नाही, पावसाळ्यात त्याचा सूर ढळत नाही. आणि नेमकं म्हणूनच त्याला जवारी काढणारा माणूस लागत नाही.

इतिहास लिहिताना आपण काय केलं तेही पाहा. देवलांचं पुस्तक आहे, क्लेमंट्स यांचं पुस्तक आहे, बडोद्याच्या परिषदेचा अहवाल आहे. जी पेटी टिकली नाही तिची पानंच्या पानं आपल्यापाशी आहेत. जो दोरा आजही जागेवर बसतो, तो बसवणाऱ्यांपैकी फरीदसाहेबांसारखी मोजकी नावं सोडली तर आपण कुणाचं नाव लिहून ठेवलं? घोडीच्या आतल्या बाजूला पेन्सिलीने केलेली एखादी खूण, एवढाच त्यांचा दस्तऐवज. पिकअप कुठे बसवला यावर जगभर तारीखवार नोंदी आहेत, सेंटिमीटरसह. जवारीची कमान कुणाच्या हातची कशी होती, याची आपल्याकडे नोंद नाही. ही नोंद आज करता येईल. जे हात आज काम करताहेत त्यांच्याशेजारी बसून, आवाज रेकॉर्ड करून, कमानीचं माप घेऊन. देवलांची मोजपट्टी आणि शिकलगारांची कानस सहा मैलांवर असून एका टेबलावर आल्याचं दिसत नाही. आपण ती आणू शकतो.

श्रोत्यांचे प्रश्न

*एक तरुण श्रोता : माझ्या बेसला दुसरा पिकअप बसवायचा आहे. कुठे बसवू?*

आधी लाकूड कोरू नका. सुटा पिकअप हातात धरून, तारांच्या खाली नव्हे तर वरून, घोडीपासून दांडीकडे हळूहळू सरकवा आणि ऐका. फक्त मोकळी तार नको, पाचव्या, सातव्या, नवव्या परद्यावरही वाजवा. जी जागा जास्तीत जास्त स्वरांना पटेल ती धरा. मघाचा तो १७.३ चा आकडा मात्र नियम समजू नका. त्याने गंधार जातो, पण काही गाण्यांना गंधार गेलेलाच हवा असतो.

*एक ज्येष्ठ श्रोते : तुम्ही बेस आणि तंबोरा एका पंगतीत बसवलेत. तंबोऱ्याचा अपमान नाही का?*

अजिबात नाही, काका. बेसमुळे मला तंबोऱ्याचं मोठेपण मोजून कळलं. पिकअप सरकवून पाहिला नसता तर दोरा किती नेमका बसलाय हे मला आयुष्यभर कळलं नसतं. आता कार्यक्रम संपल्यावर जवळ या, खर्ज छेडून देतो, गंधार तुम्हीच शोधा.